चंद्रभागा कासारणीचे हात माझे

मृत्युपत्र लिहून ठेवणार: श्रीमती रेणुका भुजंगराव बिरादार, वय त्रेसष्ट वर्षे, व्यवसाय सेवानिवृत्त शिक्षिका व लेखन, राहणार मुखेड, जिल्हा नांदेड.

माणूस गेल्यावर त्याच्यामागे बोलणारे पुष्कळ उरतात आणि त्याला उलटून उत्तर देता येत नाही. म्हणून मी माझ्या मिळकतीची आणि माझ्या म्हणण्याची, दोन्हींची व्यवस्था हयातीतच लावून ठेवते, ती अशी.

मी हे पूर्ण शुद्धीत, स्थिर बुद्धीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हे वाक्य प्रत्येक मृत्युपत्रात असते आणि बाकीच्यांच्या मृत्युपत्रात ते कोणी वाचतही नाही. माझ्या बाबतीत मात्र ह्याच वाक्यावरून कोर्टात अर्ज दाखल आहे. माझे थोरले दीर किशनराव बिरादार यांचे म्हणणे असे की, त्यांची भावजय रेणुकाबाई हिचे डोके ठिकाणावर नाही, फार वर्षांपासून नाही, सबब तिच्या जमिनीची देखरेख करण्यासाठी त्यांचा मुलगा बालाजी याला नेमावे. पुरावा म्हणून काय जोडले? दवाखान्याचा कागद नाही. शेजाऱ्यापाजाऱ्याची तक्रार नाही. जोडली आहे माझी कादंबरी, 'भरले मनगट'. पाने मुडपून, ओळींखाली पेन्सिलीने रेघा मारून. कोर्टाच्या कागदांत तिला रीतसर निशाणी क्रमांक मिळाला आहे. आपल्या पुस्तकाला कुठे तरी, कोणता तरी क्रमांक मिळावा अशी माझी फार इच्छा होती. मिळाला तो हा.

त्यामुळे हे मृत्युपत्र जरा लांबणार आहे. आमचे वकील म्हणाले, "बाई, मिळकतीचं तेवढं लिहा, बाकीचं राहू द्या." मला बाकीचेच लिहायचे आहे. पण त्यांचा मान राखून आधी मिळकत घेते.

१. घर. मुखेड येथील बाजार गल्लीतले माझे राहते घर, दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे न्हाणी, वर टिनपत्रे. मी लोह्याच्या शाळेत नोकरीला असताना हे माझ्या पगारातून बांधले. बिरादारांच्या घराण्याची एक वीटही ह्यात नाही. बांधकाम चालू असताना किशनराव बघायला आले आणि उभ्या उभ्या चहा पिऊन म्हणाले, "बाईच्या नावावर घर? भुजंगा, तू काय घरजावई हायस का?" माझे यजमान भुजंगराव हसून म्हणाले, "हाव. आन् सासुरवास बी न्हाई." हे घर माझ्या पश्चात माझी एकुलती एक मुलगी सृष्टी, राहणार लातूर, हिच्या एकटीच्या मालकीचे राहील.

२. शेत. वाटणीत यजमानांना आलेली आणि त्यांच्या पश्चात माझ्या व सृष्टीच्या नावावर लागलेली कोरडवाहू जमीन, तिच्यातला माझा हिस्सा. चतुःसीमा: पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस सरकारी पडीक, पूर्वेस किशनराव बिरादार यांचे शेत. पूर्वेचा बांध दर उन्हाळ्यात नांगरटीनंतर थोडा पश्चिमेकडे सरकतो. बांधाला पाय फुटत नाहीत, हे मी चौथीच्या वर्गाला एका तासात समजावले असते, पण किशनरावांना आजवर समजावू शकले नाही. माझा हिस्सा सृष्टीला द्यावा. भावाला पोरगा नाही म्हणून जमीन पुतण्याची, हा कायदा किशनरावांनी कुठे वाचला ते त्यांनी दाखवावे. यजमान हयात असताना हाच विषय निघाला तेव्हा ते एवढेच म्हणाले होते, "दादा, मला पोरगी हाय की." बालाजीबद्दल माझ्या मनात राग नाही. तो स्वभावाने वाईट नाही, पण बापापुढे तोंड उघडत नाही, आणि वय वाढले तरी त्याला ते जमलेले नाही.

३. बँकेत जे काही उरेल ते सृष्टीचे. त्यातून माझे अंत्यविधी साधेपणाने करावेत. जेवणावळी घालू नयेत. चौकात माझ्या फोटोचा फ्लेक्स लावू नये. कोणी हौसेने लावलाच, तर खाली 'शोकाकुल' म्हणून जी नावे टाकतात त्यांत किशनराव बिरादार हे नाव येता कामा नये. जिवंतपणी वेडी ठरवायची आणि मेल्यावर 'साहित्यिक भावजयीस भावपूर्ण श्रद्धांजली' लिहायची, ही मुभा मी कोणालाही देत नाही.

४. 'भरले मनगट'. आता मुद्द्यावर येते.

ज्यांनी अर्ज वाचला पण कादंबरी वाचली नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चंद्रभागा नावाची एक कासारीण आहे. आठवडी बाजारांत बसून बायकांना बांगड्या भरते. बांगडी भरताना बाईचा पंजा दाबून, अंगठा आत घेऊन, काच अलगद वर चढवावी लागते. दाब कमी पडला तर बांगडी चढत नाही, जास्त झाला तर फुटून मनगटात घुसते. चंद्रभागेचा हात लहानपणापासून ह्या कामावर बसलेला आहे. एक दिवस ती एका चिमुरडीचा हात हातात घेते आणि तिला एकाएकी वाटते, आपल्या हातून हे मनगट मोडणार. त्या दिवसापासून ती कोणाच्या हाताला हात लावू शकत नाही. बायका हात पुढे करतात, ती म्हणते, माल संपला. पेटी तर भरलेली असते. कादंबरी एवढ्यावरच आहे. ती पुन्हा बांगड्या भरते की नाही ते मी इथे सांगणार नाही. पुस्तक अजून विकत मिळते.

माझ्या सात पिढ्यांत कोणी बांगड्या विकल्या नाहीत. तरी चंद्रभागेचे हात माझे आहेत, आणि ते कसे, हे मी आज स्वतः सांगते, म्हणजे इतरांना सांगत फिरावे लागणार नाही.

सृष्टी झाली तेव्हाची गोष्ट. पहिले बाळंतपण माहेरी उदगीरला व्हायचे, पण माझ्या आईचे, सिद्धम्माचे, गुडघे धरले होते, म्हणून ते सासरीच झाले. मुलगी गोरीगोमटी, धडधाकट. मला ती नको होती असे नाही. फार हवी होती. पण तिला घ्यायला वाकले की माझे हात परके व्हायचे. वाटायचे, घेतली तर निसटेल, धरली तर दाबली जाईल. मी दोन्ही हात पदरात गुंडाळून भिंतीला टेकून बसायची. लेकरू रडायचे आणि मीही रडायची. सासूबाई म्हणाल्या, "बाहेरचं लागलंय." मग कोण कोण आले, लिंबू उतरवले, अंगारा लावला. आई उदगीरहून लंगडत आली, माझ्याजवळ बसली आणि तिच्या कानडीत म्हणाली, "सुम्मन कूडु." म्हणजे गप बस. प्रत्येकाने आपापल्या भाषेत मला तेच सांगितले.

सृष्टीला न्हाऊ माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, केवळाबाईंनी घातले. पाय पसरून, नडग्यांवर लेकराला पालथे घालून, तेल जिरवून. मला त्यांनी एक शब्द विचारला नाही. न्हाऊ घालून झाले की बाळ माझ्या शेजारी आणून ठेवायच्या, माझ्या हातात द्यायच्या नाहीत. ह्या समजुतीबद्दल मी त्यांचे उपकार तेव्हा मानायला हवे होते, पण तेव्हा मला कशाचेच भान नव्हते.

यजमानांनी मात्र अंगाऱ्यावर भागवले नाही. मला एसटीत बसवून नांदेडला नेले. तिथे डॉक्टर पंचशीला सोनकांबळे नव्यानेच दवाखान्यात लागल्या होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "हा आजार आहे. बाळंतपणानंतर होतो. पुष्कळ जणींना होतो, सांगत कोणी नाही. बरा होतो." झालाही. औषधे घेतली, सृष्टी बसायला लागायच्या आधी तिला मी कडेवर घेतली, आणि मग शाळेत जायला लागेपर्यंत खाली ठेवली नाही. डॉक्टरीणबाईंचे त्या वेळचे आणि आजचे, अशी दोन्ही प्रमाणपत्रे सोबत जोडली आहेत. ज्यांना माझ्या डोक्याची एवढी काळजी आहे त्यांनी ती वाचावीत.

आता, हे मी सरळ माझ्या नावाने का लिहिले नाही, कासारीण कशाला आणली? असे मला लातूरच्या एका मेळाव्यात एका प्राध्यापकांनीही विचारले होते. ते पुढे असेही म्हणाले की, बाईंनी अनुभव मांडला आहे, पण कल्पनाशक्ती तोकडी पडली. मी स्टेजवर शेजारी ठेवलेली फुले बघत बसले. आज बोलते. स्वतःची गोष्ट स्वतःच्या नावाने लिहायला घेतली की मी लगेच स्वतःची वकिली करू लागते. मी चांगली, सासू वाईट, लोक अडाणी. तीन वेळा तसे लिहिले आणि तिन्ही वेळा चुलीत घातले. मग एका बाजारात बांगड्या भरायला बसले होते. कासारणीने माझा पंजा दाबून धरला आणि मी तो तिच्या स्वाधीन केला, बाकीच्या गप्पा मारत. मनात आले, हिला जर माझ्यासारखीच भीती वाटली तर? त्या क्षणी मला माझी बाई सापडली. भीती माझी ठेवली आणि घर, जात, धंदा, गाव सगळे दुसऱ्याचे घेतले. तेव्हा कुठे ती खरे बोलायला लागली. हे करायला किती कल्पनाशक्ती लागते ते त्या प्राध्यापकांनी एकदा करून बघावे. ह्या मृत्युपत्रान्वये त्यांना माझ्याकडून काहीही मिळणार नाही, अनुभव नाही आणि कल्पनाही नाही.

पुस्तक निघाल्यावर गावाला काय सापडले? कोण कोण आहे ते शोधणे. बाजारात भाजी घेताना लोक विचारत, "बाई, त्यातली सासू म्हंजी तुमचीच ना?" पुस्तकात सासू नाहीच, पण तरी ती सापडायची. हे मी हसण्यावारी नेले. चाकूरची गोष्ट मात्र हसण्यावारी नेणार नाही.

सृष्टीला चाकूरचे स्थळ आले होते. मंडळी आली, पोहे झाले, मुलगी पसंत पडली. मग रीतीप्रमाणे ते गावात चौकशीला गेले. चौकशीत कोणी चहा पाजून चार गोष्टी सांगतो, कोणी आडून बोलतो. आमच्या बाबतीत कोणी तरी पाने मुडपून माझी कादंबरीच त्यांच्या हातात दिली. आठवड्याने मुलाच्या वडिलांचा फोन आला. "पोरगी लाखात एक हाय हो बाई. पण तुमचं पुस्तक वाचलं आम्ही. आईच्या डोक्याचं पोरीत उतरतंय, लोकं म्हणून राहिलेत." त्या घरात त्याआधी कधी कादंबरी वाचली गेली असेल असे मला वाटत नाही. पहिली वाचली ती माझी, आणि ती अशा कामासाठी. ती कोणी दिली हे मला तेव्हाच कळले होते. बिरादारांच्या घरात नेम धरून पाने मुडपणारा एकच माणूस आहे.

त्या संध्याकाळी सृष्टी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली आणि तिने विचारले, "आई, त्या पुस्तकातली ती छोटी मुलगी, जिच्या मनगटाला ती हात लावत नाही, ती मी आहे का?" मी म्हणाले, "ती मुलगी बनवलेली आहे. भीती तेवढी माझी आहे, आणि ती भीती तू हवी होतीस म्हणून होती." ती उठली, माझे दोन्ही हात घेतले आणि आपल्या गालांना लावले. पुढे तिने स्वतः बघून लग्न केले. जावईबापूंनी आधी कादंबरी वाचली आणि मग मुलगी बघायला आले. सासूला येता जाता तिच्याच पुस्तकातली वाक्ये ऐकवतात, एवढा एक दोष सोडला तर माणूस चांगला आहे.

आणि आता हा अर्ज. त्यात लिहिले आहे की, 'सदर लेखिकेने बालकास इजा करण्याचा विचार तिच्या मनात असल्याचे स्वतः छापून कबूल केले आहे.' खाली माझेच वाक्य दिले आहे: 'मनगट एवढेसे, माझ्या हातात आले तर राहील का.' मी हे वाचले तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि आज लिहितानाही होत आहे. इजा? जिने लेकराला आपला हात लागू नये म्हणून हात पदरात बांधून घेतले, तिच्या मनात इजा? आणि ज्यांनी सख्ख्या पुतणीचे ठरलेले लग्न पुस्तक वाटून मोडले, त्यांच्या मनात काय होते मग?

वकिलांनी वाट सुचवली. एक शपथपत्र करायचे: 'सदर कादंबरी संपूर्ण काल्पनिक असून तिचा माझ्या जीवनाशी काडीमात्र संबंध नाही.' म्हणाले, "बाई, एवढी सही केली की पुढच्या तारखेला अर्ज उडालाच समजा. मृत्युपत्रावर पण मागून कोणी बोट ठेवणार नाही." मसुदा टाइप करून तयार होता. सृष्टीसुद्धा म्हणाली, "आई, करून टाक ना सही. आपल्याला खरं माहीत आहे, बस झालं." मी पेन हातात घेतले होते.

मग मला मुखेडच्या बस स्टँडवरची एक बाई आठवली. कुठली होती, नाव काय, मला माहीत नाही. कडेवर लेकरू, पिशवीत माझे पुस्तक. मला ओळखून जवळ आली, पान उघडून दाखवले आणि म्हणाली, "बाई, हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी तर कोणालाच बोलले न्हाई." मी तिला म्हणाले, "मला कोणी सांगायची गरज पडली नाही." तिने लेकराला दुसऱ्या कडेवर घेतले आणि गाडी लागली म्हणून गेली. मी आता कोर्टात लिहून द्यायचे की ते सगळे काल्पनिक होते? म्हणजे तिला सांगायचे की तुझेही काल्पनिक आहे, सुम्मन कूडु?

मी सही केली नाही आणि करणार नाही. ह्यामुळे जमीन धोक्यात येते, हे मृत्युपत्रही धोक्यात येते, सृष्टीला माझ्यामागे कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतील, हे मला दिसते आहे. मुली, त्याबद्दल तू माझ्यावर रागाव. पण जे आतून आले ते माझे नाही, असे मी शपथेवर म्हणणार नाही. कोर्टाला माझे सांगणे एवढेच आहे. भीती आली, तेव्हा मी ती ओळखली, औषध घेतले, बरी झाले, आणि नंतर शहाण्या माणसासारखी बसून तिच्यातून एक गोष्ट उभी केली. ह्यातली कोणती पायरी वेडेपणाची आहे, ती अर्जदारांनी दाखवावी.

५. म्हणून कादंबरीचे आणि माझ्या दोन्ही कथासंग्रहांचे सर्व हक्क सृष्टीकडे जातील, पण एका अटीवर. पुढच्या कोणत्याही आवृत्तीत 'ह्यातील पात्रे व प्रसंग काल्पनिक आहेत, साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा' ही ओळ छापू देऊ नये. प्रकाशक हट्ट करतील, त्यांना हे मृत्युपत्र दाखवावे. त्या जागी छापावे: 'चंद्रभागा कासारणीचे हात लेखिकेचे आहेत. बाकी सगळे बनवलेले आहे.'

६. माझी पुस्तके लोह्याच्या शाळेला द्यावीत. शब्दकोश सृष्टीने ठेवावा, तिचे ऱ्हस्वदीर्घ अजून कच्चे आहेत.

७. माझे लिहिण्याचे टेबल. हे मुळात शिलाई मशीनचा लोखंडी सांगाडा आहे. मशीन मोडीत गेली तेव्हा यजमानांनी वर फळी ठोकून दिली आणि म्हणाले, "आता कापड सोडून काय शिवायचं ते शिव." त्याचा पायडल अजून हलतो. लिहिताना अडले की मी तो हलवत बसते. हे टेबल मी शिल्पा बालाजी बिरादार, म्हणजे किशनरावांच्या सुनेला, देऊन जाते.

हे वाचून किशनरावांना ठसका लागेल म्हणून कारण देते. अर्जासाठी कादंबरीतल्या वेड्या ओळी शोधायच्या होत्या. किशनरावांनी लग्न मोडण्यापुरती पाने मुडपली होती, पण कोर्टाला पूर्ण पुस्तक लागते असे त्यांना कोणी तरी सांगितले. आणि पूर्ण पुस्तक वाचण्याचे कष्ट त्यांच्याने होत नाहीत. मग त्यांनी सुनेला बसवले. दुपारची जेवणे झाली की शिल्पाने मोठ्याने वाचायचे आणि जिथे डोके फिरल्यासारखे वाटेल तिथे रेघ मारायची. दीर साहेब पानाची चंची उघडून बाजेवर, शिल्पा खाली. निशाणी झालेली ती प्रत मी कोर्टात बघितली आहे. रेघा एकूण एक बरोबर ठिकाणी आहेत. जिथे मी सगळ्यात जास्त खपले, जिथे एकेक वाक्य पाच पाच वेळा बदलले, नेमके तिथेच रेघ. त्या लातूरच्या प्राध्यापकांना जे दिसले नाही ते ह्या मुलीने सासऱ्याच्या धाकात बसून ओळखले. तिच्याशी माझे भांडण आहे आणि ते राहील. टेबल तरीही तिचेच.

८. केवळाबाई. ही हकीकत मला त्यांच्याकडूनच कळली. ज्या दुपारी हे वाचन चाले, त्या दुपारी केवळाबाई पलीकडच्या खोलीत डाळ निवडत बसलेल्या असत. मधल्या दाराला पडदा आहे. त्यांनी पूर्ण कादंबरी ऐकली. हे किशनरावांच्या ध्यानातही आले नाही, कारण बायको पलीकडे बसली आहे म्हणजे ती काही ऐकत असेल, असा विचार त्या माणसाने जन्मात केलेला नाही. शेवटचे पान झाले त्या दिवशी केवळाबाई डाळीचे सूप बाजूला ठेवून बाहेर आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अर्जात माझं बी नाव घाला." किशनरावांना वाटले, साक्षीदार म्हणून. खूश झाले.

दोन दिवसांनी त्या एकट्या ऑटोने माझ्या घरी आल्या. वाटणीनंतर प्रथमच. ओसरीत बसल्या, पाणी घेतले आणि म्हणाल्या, "मास्तरीण, तू वकिलाकडं कागद करून राहिलीस म्हणं. मला साक्षीला घे." मी म्हणाले, "अक्का, तुम्हाला घरात राहायचं आहे." त्या म्हणाल्या, "ऱ्हातेच की. मला कोण काढतंय?"

माझ्या मनात त्यांना माझ्या पाटल्या द्यायच्या होत्या. वकील म्हणाले, ज्याला काही द्यायचे त्याची साक्ष घेऊ नये, समोरच्याला बोलायला जागा मिळते. तसे मी त्यांना सांगितले. त्यांनी हात झटकला. "पाटल्या लेकीला दे. मला बोलू दे." म्हणून पाटल्या सृष्टीला.

केवळाबाई त्या दिवशी माझ्या ओसरीत काय म्हणाल्या ते मी माझ्या शब्दांत लिहिणार नाही. मी लिहिले की लोक त्याला कादंबरी म्हणतात आणि कोर्टात नेऊन जोडतात. त्यांचे त्यांच्याच तोंडचे शब्द खाली साक्षीत येतील. वकिलांचा कारकून ते लिहून घेईल आणि मी त्यातली मात्राही बदलणार नाही.

९. ह्या मृत्युपत्राची अंमलबजावणी सृष्टीने करावी. ह्यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. किशनरावांचा अर्ज मंजूर होवो अथवा फेटाळला जावो, ह्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही.

ठिकाण: मुखेड
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५

सही
रेणुका भुजंगराव बिरादार

साक्षीदार पहिले: डॉ. पंचशीला रामकिशन सोनकांबळे, राहणार नांदेड. रेणुकाबाईंना मी त्या सृष्टीच्या वेळी पहिल्यांदा आल्या तेव्हापासून ओळखते. आज सही करण्यापूर्वी मी त्यांना तपासले. त्या पूर्ण शुद्धीत आहेत, संतापलेल्या आहेत, आणि संताप हा आजार नाही. त्यांनी माझ्यासमोर सही केली.
सही

साक्षीदार दुसरे: केवळाबाई किशनराव बिरादार, राहणार मुखेड तालुका. साक्षीदार यांनी तोंडी सांगितले ते जसेच्या तसे लिहून घेतले:

"रेणुकानं माझ्या डोळ्यांम्होरं सही केली. ती शुद्धीवर हाय. आता माझं लिव्हा. बालाजी झाला तवा मी बी त्याला हात लावला न्हाई. पदरात हात घालून बसायची. मला वाटायचं, माझ्या हातून लेकरू मरतंय. सासूबाईनं त्याला न्हाऊ घातलं आन् मला म्हणली, कोणाला सांगशील तर माहेरी धाडीन. म्या इतकी वर्सं कोणाला सांगितलं न्हाई. मालकाला बी न्हाई. रेणुकाला तसंच झालं तवा मला समद्यात आधी कळलं, म्हणून तिचं लेकरू मी घेतलं. पुस्तकात ती कासारीण म्हणती माल संपला, पेटी भरलेली असून. तवा मी डाळ निवडायची थांबले. ते खोटं न्हाई. लई जणींचं हाय. आज मालकाला समदं सांगून आलेय, त्यांनी मला मारलं न्हाई, गप बसलेत. आता कोर्टानं सांगावं. ही येडी असंल तर मी बी येडी. आन् मी येडी असंल तर ज्याला जमीन देऊन राहिलेत तो बालाजी येडीच्याच पोटचा हाय. लिव्हलं का? वाचून दाखव. हाव. आता दे अंगठा कुठं उठवायचा ते."

अंगठा, डाव्या हाताचा
केवळाबाई किशनराव बिरादार